सुट्टी कुठल्या वारी पडलीये?

नाटकवाल्यांची सुट्टीत चंगळ असणार, असं बाहेरच्या माणसाला हमखास वाटतं. नवीन कॅलेंडर आलं की ओळखीतलं कोणीतरी म्हणतंच, "यंदा सुट्ट्या छान जोडून आल्यात गं, मजा आहे तुमची!" मी ठाण्यात राहते आणि एका छोट्या नाट्यसंस्थेच्या प्रयोगांच्या तारखा आणि बुकिंग सांभाळते. कॅलेंडर आलं की मीही आधी लाल तारखाच बघते. पण सुट्टी आहे का, यापेक्षा ती कुठल्या वारी पडलीये ते मला हवं असतं. शुक्रवारी किंवा सोमवारी पडली की माझ्या पोटात गोळा येतो. बुधवारी पडली तर त्या दिवशीचं नाट्यगृह मिळावं म्हणून मी जिवाचं रान करते.

२०२४ सालचा महाराष्ट्र दिन बुधवारी आला होता. मंगळवारी कामावर, गुरुवारी पुन्हा कामावर. मधल्या एका दिवसासाठी कोणी अलिबाग-महाबळेश्वर करत नाही. माणसं उशिरा उठतात, घरात काहीतरी गोडधोड होतं, जेवून आडवी होतात, आणि चहाच्या वेळी घरात प्रश्न येतो, आता काय करायचं? अशा दिवशी संध्याकाळचा प्रयोग असला की करंट बुकिंगलाच, म्हणजे ऐन वेळी खिडकीवर तिकीट घ्यायलाच, रांग लागते. सासू, सून, शेजारची काकू, कॉलेजातली मुलगी अशी घरंच्या घरं येतात.

आता २०२५चा १५ ऑगस्ट बघा. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शनिवारी दहीहंडी, मग रविवार. गुरुवारी संध्याकाळपासूनच घोडबंदरपासून द्रुतगती मार्गापर्यंत गाड्यांच्या रांगा. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. व्यावसायिक मराठी नाटक आज प्रामुख्याने शनिवार-रविवारवर चालतं. मधल्या वारी प्रयोग लावणं फार थोड्यांना परवडतं. त्यामुळे तीन दिवसांची सुट्टी आली की आम्हाला एक शुक्रवार जास्तीचा मिळतो असं नाही, हातातले शनिवार-रविवारही त्या शुक्रवाराबरोबर लोणावळ्याला निघून जातात. नाट्यगृहाचं भाडं मात्र थांबत नाही. बऱ्याच ठिकाणी ते सुट्टीच्या दिवशी जास्तच असतं. कलाकारांची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, बस, सेटचा टेम्पो, पेपरातली जाहिरात, सगळं नेहमीचंच.

कोण जातं आणि कोण राहतं, हेही मी बुकिंगच्या प्लॅनवर बघत आलेय. पूर्वी खिडकीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला प्लॅन असायचा, त्यावर रंगीत पेन्सिलीने खुर्च्या मारत जायचं. आता अर्धा प्लॅन मोबाइलवर असतो, पण चित्र तेच दिसतं. जोडून सुट्टीत आधी रिकाम्या राहतात त्या पुढच्या रांगा, सर्वांत महाग तिकिटाच्या. ज्या घरात गाडी आहे, रिसॉर्टचं बुकिंग परवडतं, तेच घर एरवी पुढच्या रांगेत बसतं. बाल्कनीतला माणूस बहुतेक शहरातच असतो. म्हणजे प्रेक्षक समजा निम्मे आले, तरी गल्ला निम्म्याहून खाली जातो. आणि नटाला रंगमंचावरून काय दिसतं, तर समोर मोकळ्या खुर्च्या. मागे अंधारात भरलेली बाल्कनी त्याला दिसत नाही. म्हणून दुसऱ्या घंटेनंतर आमची डोअरकीपरची मुलं वर जाऊन सांगतात, "काका, काकू, खाली या, पुढे बसा." ते लोक इतके खूश होऊन खाली येतात की त्या दिवशी हशा टाळ्या नेहमीपेक्षा मोकळ्या मिळतात. पण हशा टाळ्यांनी टेम्पोचं भाडं फिटत नाही.

माझ्या मते खरी मेख आहे ती वेळेत. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४च्या आधी तर ते १२० दिवस होतं. हॉटेलवाला, सहलीवाला, कोकणातला होमस्टेवाला, सगळे दोन-तीन महिने आधी त्या घरात पोचलेले असतात. आम्ही कधी पोचतो? आठवडाभर आधी, कधी त्याहून कमी. पेपरात जाहिरात येते, फेसबुकवर तारीख टाकली जाते, नेहमीच्या प्रेक्षकांना व्हॉट्सॲप जातं. तोवर त्या घराची सुट्टी ठरून गेलेली असते आणि सुट्टीचे पैसेही. नाटक आणि सहल यांच्यात निवड करायची वेळच त्या माणसावर आलेली नसते. प्रेक्षक नाटकापासून दूर गेला अशी हळहळ आपल्याकडे खूप होते. मला ती पटत नाही. तोच माणूस पुढच्या साध्या रविवारी मला फोन करतो, "ताई, मधली जागा आहे का?"

आमच्याकडे तारखांचं सगळं अवघड असतं, हे मान्य. नाट्यगृह काही महिने आधी मिळतं, पण कलाकारांचं शूटिंग कधी लागेल याचा भरवसा नसतो. म्हणून निर्माता शेवटपर्यंत तारीख जाहीर करायला कचरतो. एकदा जाहीर केलेला प्रयोग रद्द करण्यापेक्षा उशिरा जाहीर करणं त्याला बरं वाटतं. साध्या शनिवार-रविवारी हे खपून जातं. जोडून सुट्टीत खपत नाही.

याच्या अगदी उलटा हिशोब बघायचा तर न्यूयॉर्कचा. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते आणि नाटकवेडी आहे, म्हणून मी तिथले आकडे वाचत असते. ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, आठवड्याला आठ प्रयोग हा साधारण शिरस्ता. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात बरीच नाटकं नववा प्रयोग लावतात, आणि वर्षातली सर्वांत मोठी कमाई अनेकदा त्याच आठवड्यात होते. 'विकेड' या संगीतिकेने डिसेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात नऊ प्रयोगांत ५० लाख डॉलरच्या वर गल्ला केला. याचं कारण प्रेक्षक कोण आहे यात आहे. ब्रॉडवेच्या निर्मात्यांची आणि थिएटरमालकांची जी संघटना आहे, तिच्या पाहणीप्रमाणे २०१८-१९च्या हंगामात सुमारे ६५ टक्के प्रेक्षक पर्यटक होते. शहरातला आणि उपनगरातला माणूस उरलेल्या एक-तृतीयांशात. माझी बहीण तर नाताळात थिएटरकडे फिरकतही नाही. गर्दीच्या आठवड्यात तिकिटाचे दर मागणीप्रमाणे वर चढतात. ती जानेवारीच्या शेवटाची वाट बघते. पाहुणे गेलेले असतात, थंडीने गारठा पडलेला असतो, एका तिकिटावर दुसरं मोफत अशी योजना निघते. त्याच जानेवारीत कितीतरी नाटकं बंदही पडतात, कारण नाताळचा पैसा घेऊन निघायचं एवढीच त्यांची ताकद उरलेली असते. म्हणजे पर्यटकांवर उभा असलेला धंदा काही सुखाचा जीव नाही. पर्यटक आला की नऊ प्रयोग, गेला की कुलूप.

आपल्याकडे दर चढवायची सोयही नाही. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की कर लागतो. म्हणून बहुतेक नाटकांचं वरचं तिकीट त्या आकड्यापाशी येऊन थांबलेलं तुम्हाला दिसेल. तेव्हा आमचा बुधवारचा १ मे कितीही हाऊसफुल्ल गेला, तरी त्याची कमाई एखाद्या चांगल्या रविवारपेक्षा जास्त होऊ शकत नाही. खुर्च्या तेवढ्याच, दर तेवढाच. रिकामी गेलेली सुट्टी भरून काढायला जास्त कमाईची सुट्टी आमच्याकडे नसतेच. मला हे दर वाढवायचेही नाहीत. चार जणांच्या घराला नाटक आधीच दोन हजारांच्या घरात जातं. पण मग निदान कोणत्या सुट्टीला हात लावायचा आणि कोणती सोडून द्यायची हे तरी आम्हाला नीट कळायला हवं.

गणपतीत तर प्रश्नच नसतो. अर्धी मुंबई कोकणात, आणि जी उरते ती आरत्यांत, पाहुण्यांत आणि देखावे बघण्यात. त्या दिवसांत आम्ही बहुतेक प्रयोग ठेवतच नाही, लाइटवाला आणि बॅकस्टेजची मुलंही गावाला जातात. पण एके काळी हेच दहा दिवस नाटकाच्या सुगीचे होते. गिरगाव-लालबागची मंडळं नाटक विकत घ्यायची, मांडवात किंवा मैदानात प्रयोग व्हायचे, एकेका रात्रीत दोन-दोन. तिकीट नव्हतं, सुपारी होती, म्हणजे अख्खा प्रयोग ठरलेल्या रकमेला. मग वस्तीच उठून डोंबिवली-विरार-बदलापूरला गेली, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाचा प्रश्न आला. सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देतं, पण तीन अंकी नाटकाचं ते वातावरण परत आलं नाही.

मात्र माणूस सुट्टीत गावी गेला म्हणजे तो रंगभूमीपासून लांब गेला, असं महाराष्ट्रात कधीच नव्हतं. उलट आपले काही खेळ गावी येणाऱ्या माणसावरच जगतात. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन आपल्या यात्रेच्या तारखेची सुपारी ठरवतात. पैसा कुठला? त्यात मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्यांची वर्गणी मोठी असते, आणि यात्रेला तेच रजा टाकून येतात. सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि दशावतारी कंपन्या एका देवळातून दुसऱ्या देवळात फिरू लागतात. पालखी झाली की खेळ उभा राहतो तो पार पहाटेपर्यंत. मुंबईहून रातराणीने आलेला चाकरमानी तसाच डोळे चोळत बसतो. आंगणेवाडीच्या जत्रेसाठी तर कोकण रेल्वेवर जादा गाड्या सोडतात. गोव्यात तियात्राचं, म्हणजे तिथल्या कोकणी गाण्यांच्या नाटकाचं, तेच. पहिला तियात्र झाला तोही मुंबईत, १७ एप्रिल १८९२ला, ईस्टरच्या रविवारी. नाताळ आणि ईस्टरच्या सुमाराला आखातातून, मुंबईतून घरी आलेला गोंयकार सहकुटुंब तियात्राला जातो. कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकाला ते कोकणी कळत नाही, आणि तियात्राचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

हे सगळे लोक सुट्टीची तारीख धरून आपला खेळ बेततात. माणूस कुठे असणार ते त्यांना आधी ठाऊक असतं. आम्ही शहरातले नाटकवाले मात्र नाट्यगृह कुठे मिळालं ते बघून प्रयोग लावतो, आणि मग माणूस का आला नाही म्हणून विचार करत बसतो.

आमचे कोकण-गोव्याचे दौरे या बाबतीत शहाणे असतात. मे महिन्यात आंबे-काजू खायला माणूस गावी गेलेला असतो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, मग गोव्यात फोंडा-मडगाव असे प्रयोग लागतात. तिथला ठेकेदार ठरलेल्या रकमेला प्रयोग विकत घेतो, तिकीट तो विकतो. आम्हाला भरलं-रिकामं याची धास्ती नाही. अशा एका प्रयोगाला मध्यंतरात एक गृहस्थ मला भेटले. ठाण्याचेच निघाले, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहणारे. म्हणाले, "ताई, गडकरी रंगायतनला तुमचा बोर्ड कितीदा बघितला, पण जमलंच नाही. इथे काय, संध्याकाळी काम नसतं. वहिनी म्हणाली चला, तर सगळे अकरा जण आलो." ठाण्यात जो माणूस मला एकटासुद्धा मिळाला नव्हता, तो गावी अकरा जणांना घेऊन आला होता!

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते पाहुण्यांबद्दल. मराठी नाटकाचा पर्यटक हॉटेलात उतरत नाही. तो नातेवाइकांकडे उतरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरहून, अकोल्याहून, नागपूरहून मुलाबाळांसकट माणसं मुंबई-पुण्याला भावाकडे, बहिणीकडे येतात. त्यांचं ठरलेलं असतं. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, चौपाटी. पुण्यात शनिवारवाडा, सारसबाग, दगडूशेठ. माझ्या लहानपणी या यादीत नाटक होतं. नांदेडचे काका आले की बाबा आदल्या दिवशी दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात जाऊन तिकिटं आणायचे. पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हणजे पेपरातल्या जाहिरातीतले नट समोर उभे दाखवायचे. त्यांच्या गावी ते नाटक वर्षातून एकदा येणार, कदाचित येणारही नाही. काका परत गेल्यावर वर्षभर त्या प्रयोगाची गोष्ट सांगायचे.

आज ही यादी मॉलकडे आणि थीम पार्ककडे वळलीये. मुंबई दाखवणाऱ्या बसगाड्यांत शहराची सगळी ठिकाणं असतात, संध्याकाळचं नाटक नसतं. पण ज्या घरात अजून ते आहे, ते घर एकटं येत नाही. डिसेंबरमध्ये मला फोन येतात, विशेषतः आज्ज्यांचे. "अगं, मुलगा-सून आलेत अमेरिकेहून. नातवंडांना मराठी कळतं, पण भरभर बोललेलं नाही कळत. विनोदी असलं तर बरं. आठ तिकिटं, एका ओळीत हवीत हं." एका ओळीत आठ तिकिटं म्हणजे बुकिंगवालीचा दिवस सोन्याचा. पुण्यात डिसेंबरातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवापासून पुढचे तीन-चार आठवडे अशी घरं खूप असतात. एका सुट्टीत तीन-तीन नाटकं बघून जातात, कारण पुढच्या खेपेपर्यंत बघायला मिळणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. २५ डिसेंबर २०२५ गुरुवारी आला, लोकांनी शुक्रवारची रजा टाकून चार दिवस केले. शहरातला नेहमीचा प्रेक्षक बाहेर गेला, तरी या आज्ज्यांनी आमची दुपार धरून ठेवली.

बालनाट्याचं गणित पुन्हा वेगळं. एक मूल म्हणजे किमान दोन तिकिटं, आजी असली तर तीन. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मुलं गावाला, शिबिरांना, मामाकडे पांगलेली असतात. शाळा उघडायच्या आधीचे आठ-दहा दिवस हे खरे बालनाट्याचे. सहली झालेल्या, पाऊस दाराशी, मुलं घरात कंटाळलेली, आणि आई-बाबांच्या रजा संपलेल्या. मग आजी-आजोबा हात धरून सकाळच्या प्रयोगाला घेऊन येतात. मोठ्यांच्या नाटकाला मात्र तेच दिवस जड जातात, कारण वह्या-पुस्तकं, दप्तरं, फी यांत घराचा पैसा अडकलेला असतो.

तर यंदाचा, २०२६चा १ मे शुक्रवारी आहे. बुद्धपौर्णिमाही त्याच दिवशी. एरवी मी ठाणे, डोंबिवली, पुणे असे तीन दिवस तीन प्रयोग मागितले असते. या वेळी निर्मात्यांपुढे सरळ कॅलेंडर ठेवलं आणि सांगितलं की हे तीन दिवस आपण शहरात उभं राहायचं नाही. ते जरा वेळ गप्प होते, कारण महाराष्ट्र दिनाला मुंबईत प्रयोग नाही ही गोष्ट जुन्या माणसाला बोचते. मग म्हणाले, "चिपळूणच्या ठेकेदाराला विचारा." विचारलं. चिपळूण आणि रत्नागिरी झालंय, कुडाळचं बोलणं चालू आहे. ठाण्याचे दोन प्रयोग मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारला, पाहुण्यांना रात्री परतायची घाई होणार नाही अशा वेळी. कलाकारांनी त्या तारखा लिहून दिल्यात, हे मला फार मोठं वाटतं. सगळ्या नटांनी एवढं आधी तारखा बांधून देणं सोपं नसतं.

मेच्या पहिल्या आठवड्यातल्या गाड्यांचं आरक्षण मार्चच्या सुरुवातीला उघडेल. आमच्या तारखाही तेव्हाच, शिमग्याच्या आसपास जाहीर करतोय, कोकणातल्या आणि ठाण्यातल्या दोन्ही. गावी जाणार असाल तर तिथला प्रयोग बघा, आणि पाहुणे तुमच्याकडे येणार असतील तर किती जण येणार ते मला आधी कळवा. एका ओळीतल्या खुर्च्या मी धरून ठेवते.